सूर्यास्तापासून मागे मोजा

लंडनला मुलांकडे हिवाळ्यात आलेल्या आईवडिलांना आणि तिथे शिकायला गेलेल्या मुलामुलींना एक सल्ला सगळीकडून मिळतो: समुद्रावर जायचं असेल तर जूनपर्यंत थांबा. मला तो अजिबात पटत नाही. लंडनहून रेल्वेने लुइस आणि ब्रायटन ही दोन गावं एका दिवसात पाहायची असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिनेच उत्तम. उन्हाळ्यात ब्रायटनच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय दक्षिणेला तोंड करून असलेल्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यातला सूर्य वायव्येला, म्हणजे गावातल्या घरांमागे मावळतो. हिवाळ्यात तो नैऋत्येला सरकतो आणि थेट समुद्रावर उतरतो. त्याच वेळी तिथल्या जुन्या धक्क्यांभोवती साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे फिरतात. तेही थंडीतच.

अडचण आहे ती उजेडाची. थंडीला कपडे असतात, उजेड मात्र मिळेल तेवढ्यातच भागवावं लागतो. डिसेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारला पाचेक मिनिटं कमी असतानाच मावळतो. जानेवारीअखेर सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास, फेब्रुवारीअखेर साडेपाच उलटून. आपली सहलीची सवय अशी की सकाळी किती वाजता निघायचं ते आधी ठरवायचं आणि पुढचं जमेल तसं. इथे उलटं करा. जाण्याच्या दिवशी ब्रायटनला सूर्य किती वाजता मावळतो ते आधी पाहा आणि तिथून मागे मोजत या. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी किनारा गाठायचा. त्याआधी दीड तास रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा, त्याआधी लुइस ते ब्रायटन हा पंधरा मिनिटांचा रेल्वेप्रवास, त्याआधी लुइससाठी दोन तास, आणि त्याआधी लंडन ते लुइस हा तास-सव्वा तास. चालण्यासाठी आणि गाड्यांची वाट पाहण्यासाठी तासभर धरला, तर डिसेंबरात हे गणित सकाळी नऊच्या आतबाहेर व्हिक्टोरिया स्थानकावर येऊन थांबतं. क्रम मात्र बदलू नका. आधी लुइस, मग समुद्र. आधी ब्रायटनला गेलात तर लुइसच्या किल्ल्यावरून दिसणार काय, अंधार!

यातूनच वार ठरतो. सोमवार ते शुक्रवार सकाळच्या कचेरीच्या वेळेत स्वस्त परतीचं तिकीट चालत नाही. ते साधारण साडेनऊनंतरच्या गाड्यांना लागू होतं, आणि डिसेंबरात तोवर थांबलं तर लुइसचा वेळ कापला जातो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत शनिवार धरा, फेब्रुवारीत कुठलाही वार चालेल. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीच्या जागी मध्येच बस दिली जाते, तेव्हा आदल्या रात्री नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. २५ डिसेंबरला गाड्या बंदच असतात आणि २६ ला जवळजवळ नसतात. ५ नोव्हेंबरही टाळा. त्या रात्री लुइसला होळीसारख्या शेकोट्यांचा, इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक सोहळा असतो. मशालींच्या मिरवणुका निघतात, रस्ते बंद असतात, गाड्यांवर निर्बंध येतात. तो सोहळा पाहण्यासारखा आहे, पण त्याची तयारी वेगळी आणि ही शांत सहल वेगळी.

तिकिटाबद्दल थोडं. लंडनमधल्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड ब्रायटनपर्यंत चालत नाही. तुमचा मार्ग लंडन–लुइस–ब्रायटन–लंडन असा त्रिकोणी आहे, आणि लंडन ते ब्रायटनचं साधं तिकीट सरळ मार्गाचं असतं. लुइसचा वळसा त्यात धरलेला असेलच असं नाही. म्हणून तिकीटखिडकीवर पूर्ण मार्ग सांगून तिकीट मागा. यंत्रासमोर उभं राहून अंदाज करण्यापेक्षा हे बरं. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर गटसवलत विचारा, भाड्याचा तिसरा हिस्सा वाचतो. साठीच्या पुढच्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि जोडीने फिरणाऱ्या दोघांसाठी वेगवेगळी रेलकार्डं असतात. मुलांकडे दोन-तीन महिने राहणार असाल तर कार्डाची किंमत दोन-चार फेऱ्यांत वसूल होते.

कपड्यांच्या बाबतीत लोक एकच थंडी गृहीत धरतात. या एका दिवसात दोन थंड्या भेटतात. लुइस आहे ऊज नदीच्या खोऱ्यात, खडूच्या डोंगरांच्या खिंडीत. तिथला सकाळचा गारठा स्थिर आणि ओला. धुकं नदीवर बसून राहतं आणि थंडी पायांतून वर चढते. ब्रायटनला तापमान एखाद-दोन अंशांनी जास्तही असेल, कारण डिसेंबरातला समुद्र दहा अंशांच्या आसपास असतो आणि किनाऱ्याला फार गोठू देत नाही. पण वारा! अंगाभोवती जो उबदार हवेचा थर असतो तो वारा सतत काढून नेतो. पुण्याहून आणलेला जाड लोकरी स्वेटर लुइसला पुरेल, ब्रायटनला त्याच्यातून वारा आरपार जाईल. म्हणून आत अंगाला चिकटून बसणारे थर्मल, मध्ये लोकर आणि वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जाकीट, असे तीन थर घाला. सुती बनियन नको. चढावर घाम आला की ते ओलं होतं आणि पुढे तासभर पाठीला गार लागत राहतं. कानटोपी आणि मफलर न लाजता घ्या. छत्री घरी ठेवा, ब्रायटनच्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. बूट जाड तळव्याचे हवेत, कारण एका गावात ओल्या गोट्यांची उतरती फरसबंदी आहे आणि दुसऱ्या गावात वाळूऐवजी सगळा गोट्यांचा किनारा. जास्तीचा पायमोज्यांचा जोड पिशवीत असू द्या.

व्हिक्टोरिया स्थानकात फलाटाचा क्रमांक गाडीच्या थोडाच वेळ आधी लागतो, तेव्हा फलकासमोर उभं राहा. आपल्याकडच्या इतिहासात या स्थानकाला जागा आहे. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतलेल्या विनायक दामोदर सावरकरांना इथेच अटक झाली, आणि तिथून सुरू झालेली वाट अंदमानला पोचली. त्यांची आठवण पुढे ब्रायटनला पुन्हा निघणार आहे.

काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि पुढचे-मागचे डबे वेगवेगळ्या गावांना जातात. डब्यातल्या पाटीवर लुइसचं नाव फिरताना दिसतंय ना, एवढं बघून मगच बसा. गाडीच्या दिशेने तोंड करून उजवीकडची खिडकी मिळवा. बाल्कम सोडल्यावर गाडी ऊज दरीवरच्या पुलावरून जाते. हा १८४१ साली वाहतुकीला खुला झालेला विटांचा पूल, ३७ कमानींचा. वरून कमानी दिसत नाहीत. एकाएकी दोन्ही बाजूंची झाडं खाली जातात आणि खाली कुरणं पसरतात, त्यावरून ओळखायचं. हेवर्ड्स हीथच्या पुढे गाडी मुख्य मार्ग सोडून डावीकडे वळते आणि मग उजव्या हाताला साउथ डाउन्सची लांबलचक हिरवी भिंत सोबत करते. हिवाळ्यात झाडं निष्पर्ण असल्यामुळे तिची वळणं उन्हाळ्यापेक्षा स्पष्ट दिसतात.

लुइस हे या सहलीचं खरं धन आहे, आणि बहुतेक लोक ते गाडीतूनच पाहून पुढे जातात. स्टेशन स्ट्रीटचा चढ चढून हाय स्ट्रीटला लागा आणि प्रथम किल्ला घ्या. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर विल्यम द वॉरेन या सरदाराने तो बांधला. किल्ल्याला एकाऐवजी दोन कृत्रिम टेकाडं आहेत, असं इंग्लंडमध्ये फार क्वचित आढळतं. आपल्या रायगड-राजगडाच्या मापाने हा किल्ला म्हणजे एखादा बुरूज वाटेल, पण वर चढून नजर फिरवली की त्याची जागा कळते. नदी, खिंड, समुद्राकडे जाणारी वाट, सगळं एका नजरेत येतं. उत्तर-पश्चिमेच्या उतारावर १४ मे १२६४ रोजी सायमन द माँटफर्टने राजा तिसऱ्या हेन्रीचा पराभव केला आणि त्याला कैद केलं. पुढच्या जानेवारीत सायमनने जी सभा बोलावली तिच्यात सरदारांबरोबर गावांचे प्रतिनिधीही बसले, म्हणून इंग्लंडच्या संसदेच्या इतिहासात तिचा मान मोठा.

किल्ल्यावरून हाय स्ट्रीटने पश्चिमेकडे चालत गेलात की लाकडी चौकटीचं एक जुनं घर लागतं. ते बुल हाउस. मराठी माणसाने इथे थोडं थांबावं. १७६८ ते १७७४ या काळात इथे टॉमस पेन राहत होता. अबकारी खात्यात साधा अधिकारी, १७७१ मध्ये घरमालकाच्या मुलीशी लग्न, संध्याकाळी व्हाइट हार्ट या खानावळीत गावकऱ्यांबरोबर वादचर्चा. अबकारी नोकरांना पगार पुरत नाही याबद्दलचं त्याचं पत्रक इथल्याच मुक्कामातलं. नोकरी गेली, संसार मोडला आणि १७७४ साली तो अमेरिकेला निघून गेला. पुढे १७९१ मध्ये त्याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ निघाला, आणि अर्ध्या शतकानंतर तो ग्रंथ पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडला. माणसाचे हक्क जन्माने येतात, ते कुणी दिलेले नसतात, ही मांडणी जोतीरावांना कशी भिडली हे त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याने दाखवलं. १८४८ ची पुण्याच्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा, १८७३ चं ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षीचा सत्यशोधक समाज. भिडे वाड्यापासून हे घर किती दूर आहे! तरी माझ्या दृष्टीने लुइसमधला सर्वांत जवळचा दरवाजा हाच.

इथून जवळच कीअर स्ट्रीट खाली उतरते. गोट्यांची, तीव्र उताराची गल्ली आहे आणि फार देखणी आहे. पण रात्री दव गोठलं असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर मोह आवरा आणि आल्या वाटेने स्टेशन स्ट्रीटनेच खाली या. ज्यांना चढ नकोच, त्यांनी किल्ला सोडून स्थानकाजवळचा साउथओव्हरचा सखल भाग धरावा. तोही कमी नाही. साउथओव्हर ग्रेंजच्या बागेतून चालत गेलं की मध्ययुगीन मठाचे अवशेष लागतात. १८४५ साली ब्रायटन–लुइस रेल्वेमार्ग खोदताना मजुरांना इथे शिशाच्या दोन पेट्या सापडल्या. त्यांत किल्ला बांधणारा विल्यम आणि त्याची बायको गुंद्रादा यांच्या अस्थी होत्या. त्या आता शेजारच्या सेंट जॉन चर्चमध्ये आहेत, आणि ज्या जागी मठाचं मुख्य चर्च होतं तिथूनच आज गाड्या धावतात. थोड्या वेळाने तुमची ब्रायटनची गाडीही त्याच रुळांवरून जाणार आहे. पलीकडचं ॲन ऑफ क्लीव्ह्जचं घर आठव्या हेन्रीने लग्न रद्द झाल्यावरच्या तडजोडीत तिला दिलं, ती मात्र तिथे कधी राहिली नाही. वेळ असेल तरच आत जा.

दुपारचं जेवण लुइसला करावं की ब्रायटनला? डिसेंबरात दोन्हीकडे नाही. डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या किंवा मेथीचे पराठे गाडीत खाऊन घ्या. गाडीत खायला कुणाची हरकत नसते आणि उजेडाचा तास वाचतो. थर्मासमध्ये चहा घेतलात तर सोन्याहून पिवळं. फेब्रुवारीत मात्र लुइसला बसून गरम सूप आणि पाव घ्यायला वेळ मिळतो. ब्रायटन शाकाहारी जेवणासाठी नाव कमावलेलं शहर आहे, तेव्हा शाकाहारी मंडळींनी रात्रीचं जेवण तिथे करायला काहीच हरकत नाही.

ब्रायटनच्या जवळ गाडी एका उंच, वळणदार विटांच्या पुलावरून शहरात शिरते. स्थानकातून बाहेर पडल्यावर सरळ खाली उतरणारा रस्ता पंधरा मिनिटांत समुद्राला मिळतो, पण तुम्ही आधी डावीकडच्या नॉर्थ लेन भागातल्या गल्ल्यांतून रॉयल पॅव्हिलियनकडे वळा. शेवटचा प्रवेश संध्याकाळच्या बराच आधी बंद होतो, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या युवराजासाठी जॉन नॅशने १८१५ ते १८२२ या काळात या वाड्याला आजचं रूप दिलं. नॅश हिंदुस्थानात कधी आला नव्हता. घुमट, मिनार, जाळ्या हे सगळं चित्रांवरून उभं केलेलं, आणि आत शिरलात की भारताचा मागमूसही नाही, सगळा चिनी थाट.

पण आपण तिथे जायचं ते त्या राजासाठी नाही. १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत हा वाडा आणि शेजारच्या इमारती मिळून फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. खाटा सातशेहून अधिक. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी वेगळे मुदपाकखाने होते, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळही वेगळे होते. सरकारने त्या खाटांची छायाचित्रं काढून प्रचारासाठी वापरली, हेही विसरू नये. झुंबरांखाली ओळीने लावलेल्या लोखंडी खाटांवर सातासमुद्रापलीकडच्या खेड्यांतली पोरं पडून होती, हे मनात धरून त्या दालनांतून चाला. वाडा वेगळाच दिसू लागतो. दक्षिणेच्या बाजूला गुजराती धाटणीची कमान आहे. ती हिंदुस्थानाने कृतज्ञतेची भेट म्हणून दिली आणि १९२१ साली पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

ब्रायटनमध्ये मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर शहराबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागी संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. मन ओढ घेतं हे खरं, पण या सहलीत तिकडे जाऊ नका. वाट डोंगरातून आहे, हिवाळ्यात चिखलाची असते आणि येऊन-जाऊन अर्धा दिवस मोडतो. त्या छत्रीचं दर्शन असं घाईत घेऊ नये. दर वर्षी जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, तेव्हा स्वतंत्र दिवस काढून जा.

आता समुद्र. घड्याळ पाहा, सूर्यास्ताला पाऊण तास उरलेला असेल तर गणित बरोबर आलं. गर्दीचा, दिव्यांचा पॅलेस पिअर डावीकडे दिसेल. तुम्ही उजवीकडे वळून किनाऱ्याच्या कडेने वेस्ट पिअरपर्यंत चाला. १८६६ साली उघडलेला हा धक्का १९७५ मध्ये बंद पडला, २००३ मध्ये त्याला आग लागली, आणि आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे. रात्रीच्या मुक्कामाला आलेले स्टार्लिंग पक्षी सूर्यास्ताच्या आधी इथे जमू लागतात. आधी पाच-पन्नास, मग शेकडो, मग मोजदादच नाही. स्वच्छ आकाशाच्या दिवशी त्यांचा खेळ जास्त वेळ चालतो. पावसाळी कुंद संध्याकाळी ते लवकर बसतात. इथे जमले नाहीत तर पॅलेस पिअरकडे नजर टाका, तिथेही त्यांचा मुक्काम असतो. दुर्बीण लागत नाही, आणि मोबाइल बराच वेळ खिशात राहिला तर उत्तम.

याच किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांनी ‘सागरास’ ही कविता रचली. बरोबर बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते, पुढे ‘अछूत कन्या’ हा चित्रपट लिहिणारे. त्या वर्षीच्या जूनमध्ये थोरल्या भावाला, बाबारावांना, काळ्या पाण्याची शिक्षा झालेली. १७ ऑगस्टला मदनलाल धिंग्रा फासावर गेलेले. लंडनमध्ये राहायला जागा मिळणं मुश्किल, मागे पोलिसांची पाळत. ही कविता आपण मंगेशकर भावंडांच्या आवाजात लहानपणापासून ऐकलेली असते, आणि ऐकताना डोळ्यांसमोर बहुधा कोकणचा किनारा येतो. प्रत्यक्षात ती या राखाडी पाण्यासमोर, या गोट्यांवर झालेली आहे. घरून निघण्याआधी ती एकदा पूर्ण वाचून या. आईवडील बरोबर असतील तर त्यांना म्हणायला सांगा, बहुतेकांना ती पाठ असते. मुलांना कवितेचा अर्थ इथे समजावून सांगणं वर्गापेक्षा सोपं जातं.

लाटांच्या जवळ जाताना जपा. किनारा एकदम खोल होतो आणि मागे फिरणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते. वादळाचा इशारा असेल तर वरच्या रस्त्यावरूनच पाहा. हातात उघडं खाणं धरून चालू नका, समुद्रपक्षी ते मागून येऊन हिसकावतात. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी याच किनाऱ्यावर वाफेचे स्नान आणि चंपीचा धंदा थाटला होता आणि दोन इंग्रज राजांना त्यांनी सेवा दिली. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात, स्थानकाकडे परतण्याच्या वाटेपासून थोड्याच अंतरावर आहे. उजेड शिल्लक राहिला तरच तिकडे वळा.

सूर्य बुडाल्यावर तापमान भराभर उतरतं, म्हणून किनाऱ्यावर रेंगाळू नका. सरळ एखाद्या उपाहारगृहात शिरा, जाकीट काढून खुर्चीला लावा आणि गरम काहीतरी घ्या. परतीचा रस्ता चढाचा आहे, थकलेल्यांनी स्थानकाची बस घ्यावी. ब्रायटनहून लंडनला जाणाऱ्या गाड्या एकाच स्थानकावर जात नाहीत. काही व्हिक्टोरियाला, काही लंडन ब्रिजवरून सेंट पँक्रसकडे. ज्यांना उत्तर लंडनला जायचं त्यांना दुसऱ्या सोयीच्या. फक्त बसण्यापूर्वी तिकीट नीट वाचा. त्यावर एखाद्या कंपनीचंच नाव छापलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत ते चालत नाही, आणि दंड तिकिटापेक्षा महाग पडतो.